सकाळी जड, दुपारी हलकं

"घाई नोको करू बाई, दगडाले आपल्या अंगानं येऊ दे."

जात्यावर बसलेल्या आईचा, अनुसयाबाईचा, हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. खुंट्यावर तिच्या हाताखाली माझा हात होता. ओवी म्हणता म्हणता मध्येच थांबून ती हे सांगे आणि पुन्हा सूर धरी:

फिर फिर जात्या माझ्या, पीठ पडे भुरुभुरु
लेकीच्या मनगटाले, नको कमी जोर करू

त्याच मनगटांवरचा माझा भरवसा २००५ सालच्या डिसेंबरात उडाला.

मी वडनेरहून रोज आडवाटेच्या एका गावी उपकेंद्रात नर्स म्हणून जात होते. दोन एसट्या बदलून, वर तीन किलोमीटर पायी. त्या उन्हाळ्यात मी जुनी पांढरी गाडी घेतली. पॉवर स्टिअरिंगची. एका बोटानं वळायची. गावातल्या बाया म्हणत, "नर्सबाई गाडी हाकलत नाई, नुसती गोंजारते."

दिवाळीनंतर थंडी पडली आणि स्टिअरिंग जड झालं. सकाळी वळवलं की गाडीच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज येई. एकदा नाल्याच्या वळणावर ते अर्ध्यातच अडलं. दोन्ही हातांनी ओढलं तरी येईना. पुढचं चाक काठाच्या गवतात उतरलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. पलीकडे डोसासाठी लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडाशी नेले.

माझा धाकटा भाऊ प्रफुल ट्रॅक्टर चालवतो. त्या दुपारी त्यानं गाडी गावभर फिरवून आणली.

"ताई, फुलावानी चालते. गाडीत काई नाई. तुह्या हातातच जोर नाई."

"पण सकाळी..."

"सकाळी तुले झोप येत असन! इकून टाक. हिंगणघाटचं गिराइक रविवारी दहा वाजता येऊन राह्यलं."

बाबा, म्हणजे बंडूजी, खाटेवर सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी माझे हात पाहत राहिले. दुपारी गाडी हलकी होती हे खरंच होतं. मग माझे हातच खोटे.

विकण्याआधी एकदा मेकॅनिक कवडूभाऊला दाखवू, एवढं मी हट्टानं म्हटलं. हायवेच्या कडेला त्याचं टिनाचं शेड. शनिवारी गाडी नेली तर तिथवर जाता जाता इंजिन तापलं आणि स्टिअरिंग पुन्हा लोण्यासारखं. प्रफुल हसला. कवडूभाऊ हसला नाही. त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला.

"गाडी इथंच राहू द्या. दुखनं सकाळचं आहे, तं सकाळीच पाहा लागन. कोनी चालू करजो नोको."

रविवारी सातला आम्ही तिघं गेलो. बाबा न बोलावता आले. काचांवर दव होतं. शेडमागे कपाशीचं रान धुरकट पसरलेलं.

कवडूभाऊनं इंजिन चालू न करताच पुढची चाकं जॅकवर उचलली आणि मला म्हणाला, "ताई, वळवा."

मी वळवलं. चाकं सहज डावीकडे गेली, सहज उजवीकडे आली.

"म्हनजे सांधे मोकळे आहेत." त्यानं पंपाचा पट्टा बोटानं दाबून पाहिला. तो ताठ होता. मग चाकं जमिनीवर टेकवून इंजिन चालू केलं. "आता."

गाडी कण्हली. स्टिअरिंग दगड. माझे खांदे थरथरले. त्यानं लांब पेचकसाचं, स्क्रूड्रायव्हरचं, टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. ओवी ऐकताना म्हाताऱ्या बाया मिटतात तसे. शेजारून ट्रक धडधडत गेले, शेडमधला रेडिओ वाजत होता, तरी त्याची पापणी हलली नाही.

"घोट घेऊन राह्यला, पन गिळता येत नाई त्याले," तो म्हणाला. "बंद करा. तुमच्यापाशी सुई आहे का वं ताई, मोठी?"

माझ्या पिशवीत वीस सीसीची सिरिंज होती. पंपाच्या तेलाच्या बाटलीचं झाकण उघडून त्यानं तिला बारीक नळी जोडून तळापर्यंत सोडली. दट्ट्या ओढला, पण तेल वर चढेचना. चढलं ते काकवीसारखं, सावकाश. ते चहाच्या काचेच्या गिलासात ओतून त्यानं गिलास भिंतीवर, कोवळ्या उन्हात ठेवला.

आम्ही उभे राहिलो. मी प्रसूती पाहिल्या आहेत, पहिला श्वास पाहिला आहे. तरी मी त्या गिलासाशी वाकून पाहत राहिले. तेल आपोआप वेगळं होत होतं. वर लाल थर, कुंकवाच्या पाण्यासारखा. खाली पिवळसर, जाड, हळूहळू बसत जाणारा. मधली रेघ केसासारखी. इतके महिने पोटात लपलेली गोष्ट, आणि या माणसानं तिला कान लावून बोलावलं होतं.

"लाल तेल गाडीचं," कवडूभाऊ म्हणाला. "खालचं नाई. थंडीत हे आळते, पंपाले ओढत नाई. तापलं का पातळ होते. म्हून सकाळी जड, दुपारी हलकं. ताई, इतके दिवस तुमी हे ओढत होत्या? पैलवानाचे हात आहेत तुमचे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रफुल मान खाली घालून पायानं माती उकरू लागला.

कवडूभाऊनं खालच्या थरातला थेंब चिमटीत धरला, बोटं उघडली. तार लांबली. त्यानं वास घेतला. मग क्षणभर बाबांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"पहिल्या मालकानं टाकलं असन काईतरी," तो फडक्याला हात पुसत म्हणाला. "सगळं काढून धुवा लागन. दोन दिवसांत नवी होते."

"पहिल्या मालकानं?" प्रफुलनं मान वर केली. "मंग तं फसवलं आपल्याले! अशी गाडी घरात ठेवाचीच नाई. ताई, तुहे हात चांगले आहेत, मानलं. पन गिराइक दहाले येते, देऊन टाकू."

फसवून दिलेल्या गाडीची बाजू कशी घ्यावी?

"थांब बे," बाबा म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, हातात धरली. आवाज इतका बारीक, की कवडूभाऊनं शेडमधला रेडिओ बंद केला.

"पहिल्या मालकाले बोल नोको लावू. म्या टाकलं. पोळ्याच्या दिवशी. बैलं इकल्यावर पहिला पोळा होता, दारात पूजाले काई नाई. गाडीच उभी होती. बैलबंडीच्या आखाले एरंडीचं तेल देत होतो तसं हिलेबी द्यावं वाटलं. झाकन दिसलं, त्यात वतलं. दिवाळीनंतर ती कन्हाले लागली तवाच मले समजलं होतं, बाई. हा तुह्या हाताले नावं ठेवत होता, अन् मी खाटेवर बसून आयकत होतो. लाज वाटे सांगाले. प्रफुल, गिराइकाले नाई म्हन."