पाकिटाआधीची पोच

ताईची नोकरी माझ्या सहीमुळे जाणार होती. हे मला ताईनेच सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता.

ती बहिऱ्या मुलांना व्हिडिओवरून हातांच्या खुणांनी शिकवते. चित्र अडकलं की तिचा हात हवेतच थांबतो आणि मुलांना अर्धाच शब्द कळतो. पालकांनी तक्रार केली. संस्थेने सांगितलं, इंटरनेटची लाईन शंभर एमबीपीएसची आहे, तसा तपासणीचा दाखला आहे, तेव्हा खोट बाईंच्या शिकवण्यातच असणार. सोमवारपासून येऊ नका. अशा लाईनी तपासून दाखले देणं हीच माझी नोकरी, आणि त्या दाखल्यावर सही माझी.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तीच लाईन पुन्हा मोजायला घेतली. आमची पद्धत साधी. मी ओळीने क्रमांक घातलेली माहितीची पाकिटं पाठवायची, पलीकडे लाईन पुरवणाऱ्या कंपनीने बसवलेल्या यंत्राने प्रत्येकाची पोच द्यायची, आणि पोच किती भराभर येते त्यावरून स्पीड ठरवायचा. पुन्हा शंभरच. मग मी नऊशेव्या पाकिटावर मुद्दाम थांबले. न पाठवलेल्या नऊशे एकची पोच आली. नऊशे दोनचीही. पुढचा क्रमांक कोणता, हे त्या यंत्राला आधीच ठाऊक होतं, आणि मी शहाणी तीन वर्षं त्यावर दाखले वाटत होते.

आता मी प्रत्येक पाकिटात मनाला येईल तो एकेक आकडा घातला आणि पोचेसोबत तोच परत मागितला. यंत्राची बोबडी वळली. स्पीड निघाला नऊ.

साहेबांनी माझा नवा रिपोर्ट न उघडताच बाजूला ठेवला. कंपनी मोठी आहे, जुना दाखला तुमचाच आहे, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता, असं बरंच समजावलं. जुना दाखला चुकीचा होता आणि तो मीच दिला, हेही आत लिहिलंय, असं मी सांगितलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून मोठा होता.

"बरं, ठेवून जा," म्हणत त्यांनी माझ्या जावक वहीत पोचेची सही करायला पेन उचललं.

मी वहीवर हात ठेवला. "साहेब, आतल्या एका पानावर मी एक आकडा लिहिलाय. तो सहीशेजारी लिहा."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"यंत्रावर होता," मी म्हणाले. "त्यात माझ्या बहिणीची नोकरी चाललीये."

त्यांनी वही ओढून पाहिली. मी हात काढला नाही. शेवटी त्यांनी चष्मा लावला, रिपोर्ट पुढे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.