मृणालताईंचं वाचन

पत्र्याच्या छपरावर गारा कोसळाव्यात, तसा मृणालताईंचा मोबाइल बोलायचा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला खेटून होतं. जन्मतः दृष्टी नसलेल्या या वकीलबाई, पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणाऱ्या त्या आवाजाला इतक्या वेगानं पिटाळत, की सीबीएस स्थानकावरून सुटलेली एसटी शहरातल्याच द्वारका चौकात पोहोचायच्या आत त्यांची अख्खी राज्यघटना, परिशिष्टांसकट, ऐकून व्हायची. हे मी शपथेवर सांगतो. वकिलाच्या शपथेचं मोल तुम्ही आपापल्या अनुभवानं ठरवा. त्या कल्लोळातलं एक अक्षर आम्हा डोळसांना उमगत नसे. त्यांची मुद्रा मात्र माघातल्या डोहासारखी निश्चल. केवळ तर्जनी काचेवरून सरके, आणि द्राक्षाच्या घडातला नासका मणी चाचपून काढावा तशी प्रतिपक्षाच्या नेमक्या लंगड्या वाक्यावर थांबे.

प्रकाशाशी त्यांचं नातं निव्वळ उबेचं. कडुलिंबाआडून ऊन मनगटावर उतरलं की म्हणत, "वकीलसाहेब, चहा सांगा, वेळ झाली." न्यायालयाचं घड्याळ त्यांना विचारूनच पुढं सरकतं, अशी माझी त्या काळी दृढ श्रद्धा होती.

एका ज्येष्ठात, उन्हानं आवारातली धूळसुद्धा फिकी पडली होती तेव्हा, सायखेड्याचे फूलशेतकरी अशोकराव लेकीला, गौरीला, घेऊन आले. अंगाला अजून मोगऱ्याचा वास. गौरीही दृष्टिहीन. तिला पत्रकारिता शिकायची होती. शहरातल्या एका महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज तिनं मोबाइलवर ऐकत ऐकत एकटीनं भरला, आणि शेवटच्या पायरीवर संकेतस्थळानं फर्मावलं: आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, ज्या चित्रांत बस दिसते ती निवडा. शनिवारी मुदत संपत होती. अर्ज गेला नाही, तर वर्ष गेलं.

"म्या दावली असती की बस," अशोकराव कळवळून म्हणाले, "पण पोरगी लय हट्टी. म्हणती, उद्या बातम्या बी तुम्हीच लिवणार का, आप्पा?"

मृणालताई हसल्या, अशा, की पलीकडच्या रस्त्यावरच्या रिक्षा क्षणभर बंद पडल्या. "बरोबर बोलली. हिला नक्की पत्रकारच करू या."

शुक्रवारी तातडीची सुनावणी लागली. आता, आपल्या न्यायालयांत एक सनातन रीत आहे: संगणकावर टंकलेलं सुबक उत्तर कागदावर छापायचं, त्यावर सही-शिक्का उमटवायचा, आणि मग त्याचाच तिरका फोटो काढून पुन्हा संगणकात घालायचा. अक्षरांचं असं चित्र झालं, की बोलणारा मोबाइल मुका होतो. महाविद्यालयाच्या वकिलांनी ही परंपरा श्रद्धापूर्वक पाळली होती.

"प्रतिवादींचं उत्तर वाचलंत, मॅडम?" न्यायाधीशांनी विचारलं.

"प्रयत्न करते आहे, साहेब. परवानगी असेल तर न्यायालयानंही ऐकावं."

आणि मृणालताईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाचा वेग कमी केला.

"चित्र. पान एक."

शांतता.

"चित्र. पान दोन."

पंखा फिरायचा थांबला. भिंतीवरची पाल शिकार सोडून न्यायासनाकडे पाहू लागली. पान सहा येईतो समोरच्या वकिलांच्या कपाळावर गोदावरी उगम पावली होती.

"आमचं संकेतस्थळ दृष्टिहीनांना वाचता येतं, असं यात बहुधा म्हटलं असावं," मृणालताई मृदू स्वरात म्हणाल्या. "मला वाचता आलं नाही, म्हणून खात्री देता येत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा उतरवला आणि समोरच्या वकिलांना म्हटलं, "आता तुम्हीच वाचून दाखवा त्यांना." ते बिचारे 'पूर्णतः सुगम' या दोन शब्दांपर्यंत पोहोचले, आणि पुढं त्यांचा आवाज खोल विहिरीत पडलेल्या घागरीसारखा बुडबुडत गेला.

बसच्या चित्रांच्या कोड्याची अट त्याच दिवशी काढावी आणि गौरीचा अर्ज तिच्या हातून स्वीकारावा, असा आदेश निघाला. शनिवारी सकाळी ताईंच्या टेबलाशी बसून तिनं शेवटची कळ स्वतः दाबली.

"झालं? एवढंच व्हतं?" अशोकराव म्हणाले.

"एवढंच, आप्पा."

गौरीला प्रवेश मिळाला. मृणालताई आता नाहीत. एका हिवाळ्यातल्या क्षुल्लक म्हणवणाऱ्या तापानं त्यांना नेलं, आणि त्यांच्या टेबलावर आता एक भरभक्कम नोटरी बसतात. मात्र दर ज्येष्ठात कुठलंतरी दृष्टिहीन लेकरू तो अर्ज भरतं आणि शेवटची पायरी सहज ओलांडतं. इथं कधीकाळी भिंत होती, हे त्याच्या गावीही नसतं. काळ बहुतेकांच्या स्मरणार्थ काहीतरी उभं करून ठेवतो. मृणालताईंच्या स्मरणार्थ त्यानं एक जागा मोकळी ठेवली आहे, आणि तिथून जाताना कुणालाही थबकावं लागत नाही.