प्राणजलाची बाटली आणि मैदानाचा उतार

"आधी तीस सेकंद, आणि आता सव्वीस!" प्राणसरांनी घड्याळ उंच धरलं आणि मैदानावर टाळ्यांचा पाऊस पडला. साठीचे पोस्टमन आजोबा सरांनी विकायला आणलेलं 'प्राणजल' पिऊन, पाच मिनिटं बसून पुन्हा पळाले होते, आणि फारशी धापही नाही! "मंडळी, नुसता श्वास घेऊन काय होतंय? आता ऑक्सिजन प्या! घोट घ्या, फुफ्फुसाला सुट्टी द्या!"

गर्दीत भिंगरी होती. ही पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिचे बाबा मैदानाची निगा राखायचे. रोलर फिरवायचे, पाणी मारायचे, फक्कीने रेघा आखायचे. सरांच्या शर्यतीच्या रेघाही त्यांच्याच हातच्या. तिचा दादा लहानपणापासून दम्याचा, पण कॉलेजच्या संघात जायचंच म्हणून हट्टाला पेटलेला.

"दादा, तुझा पंप कुठंय?"

"घरी. सर म्हणतात, पंपाने प्राणजलाचा गुण जातो."

"आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या?"

"गप गं, दीडशहाणे!"

निवडीच्या दिवशी तिसऱ्या फेरीला दादा मटकन खाली बसला. ओठ निळे पडले. "अजून एक घोट!" म्हणत सर त्याच्या तोंडात पाणी ओतत होते, आणि ते नाकातून बाहेर येत होतं. भिंगरी घरी धावली. पंप घेऊन परतली तोवर बाबांनी त्याला खांद्यावर टाकलं होतं.

दवाखान्यात दादाच्या तोंडाला मास्क होता. बाबांच्या हातात अजून ती बाटली. "बाई, हे थोडं पाजू का?"

"बाबा, पाणी पोटात जातं," डॉक्टरबाई थकून म्हणाल्या. "रक्तात ऑक्सिजन घालायचं काम फुफ्फुसांचं. या अख्ख्या बाटलीत असेल, त्याहून जास्त एका श्वासात आत येतो. हा पंप खिशात असता तर…"

त्या दादाचा मास्क नीट बसवायला वळल्या. चौथ्या दिवशी दादाने डोळे उघडले. भिंगरीचं नाव घ्यायला त्याला आणखी दोन दिवस लागले.

"श्रद्धा कमी पडली," सर मैदानावर सांगत होते. बाटल्या खपतच होत्या. पण मग आजोबा खरंच जोरात पळाले ते कसे? भिंगरीला चैन पडेना.

संध्याकाळी बाबा पाणी मारत होते. पाणी रेघेवरून सरसर खालच्या गटाराकडे निघालं. भिंगरी बघतच राहिली.

"बाबा, सर आधी कुठून कुठे पळवतात?"

"गटाराकडून वर."

"आणि पाणी पाजल्यावर?"

"वरून गटाराकडे." बाबांनी पाइप खाली टाकला. "रेघ मीच आखली गं… रोज पाणी मारतो, उतार मला ठाऊक नाही होय?"

सकाळी भर गर्दीत भिंगरीने वरच्या रेघेवर फुटबॉल ठेवला. तो कुणी न ढकलता गटाराकडे घरंगळत गेला.

"आजोबा, आज उलटं. आधी खाली पळा, मग पाणी पिऊन वर."

खाली, सव्वीस सेकंद. बाटलीभर प्राणजल, पाच मिनिटं विश्रांती. मग वर, एकतीस.

"काल जागरण झालं असेल यांचं!" सर ओरडले.

"मेल्या, पैसे मोजून घेतलेल्या वीस बाटल्या आहेत माझ्या घरात," आजोबा धापा टाकत म्हणाले. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. बाबा खाली बसून हाताने फक्कीची रेघ पुसत होते.

तेव्हा मंडळी, टाळी वाजवण्याआधी जमीन कुठे उतरते ते बघा. एकदा उलटं पळून बघा. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशातच असू द्या.