क्रियापदाची साक्ष

दिरानं तिचं मनगट धरलं आणि ओलं कापड पिळावं तसं पिळलं. हातातली कपबशी फरशीवर फुटली, चहा पायावर सांडला.

"उलटले," तो म्हणाला. "म्हण."

"सोड हात."

"वहिनी, एका शब्दाचा प्रश्न आहे. त्या म्हाताऱ्यानं पोलिसांना काय सांगितलंय ते मला माहीत आहे. 'देन दे टर्न्ड.' तू म्हणायचं, मग ते उलटले. बास. खोटं कुठं आहे त्यात?"

नवरा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. गाठ मारून झाली होती. ती सोडून तो पुन्हा मारू लागला.

"अरे, बघतोयस ना तू?" ती नवऱ्याला म्हणाली.

"त्याला आत टाकतील गं," नवरा बुटाकडे बघत म्हणाला. "जन्मभरासाठी."

'टर्न' या शब्दाचे कानेकोपरे दिराला ठाऊक होते, कारण ते तिनंच त्याला दाखवले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत दोनदा नापास झालेला होता. जेवणाच्या टेबलाशी बसून ती त्याच्याकडून घोकून घ्यायची. दूध टर्न झालं म्हणजे नासलं. चेहरा टर्न झाला म्हणजे पांढराफटक पडला. माणूस चाळीस टर्न झाला म्हणजे चाळिशी लागली. "वहिनी, एवढं मोठं बिऱ्हाड एका शब्दात मावतं कसं?" त्यानं विचारलं होतं, आणि दोघंही पोट धरून हसली होती.

आता तो काच कारखान्यातल्या पहारेकऱ्यांचा जमादार होता आणि जामिनावर सुटलेला होता. भट्टीचं दार नीट बसत नव्हतं, दोन माणसं भाजली होती. दार दुरुस्त होईपर्यंत आत पाऊल टाकणार नाही, म्हणून कामगार फाटकाबाहेर उभे राहिले. त्या सकाळी लोखंडी गज चालले. बाराजणांची हाडं मोडली, एक भट्टीवाला मेला. कामगार अंगावर आले, आम्ही जीव वाचवला, असं पहारेकरी सांगत होते. कामगार अर्थातच वेगळं सांगत होते. दोन्हीकडचा नसलेला माणूस एकच होता. नवी भट्टी बसवायला आलेला परदेशी कारागीर, ज्यानं सगळं वरच्या खिडकीतून पाहिलं. साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी तो मायदेशी निघणार होता. न्यायालयाचे नेहमीचे दुभाषी अंथरुणाला खिळलेले, म्हणून शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या तिला बोलावणं आलं.

आरोपी माझा सख्खा दीर आहे, हे तिनं आधीच लेखी दिलं होतं. कारखान्याच्या वकिलाची हरकत असण्याचं कारणच नव्हतं. कामगारांचा वकील मात्र बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तो एकेकाळी तिच्या वर्गात बसायचा.

"हरकत नाही," तो शेवटी म्हणाला.

म्हातारा कारागीर उंच आणि वाळकुडा होता. इंग्रजी त्याचीही मायबोली नव्हती. निसरड्या दगडांवरून नदी ओलांडावी तसा तो एकेका शब्दावर पाय ठेवून पुढे सरकत होता. ती त्याच्या मागोमाग मराठी करत गेली. सुजलेलं मनगट तिनं बाहीत ओढून घेतलं होतं. माणसं उभी होती. घोषणा देत होती. जमादारानं फाटक उघडायला लावलं. कुठून तरी एक दगड आला, कुणी टाकला ते दिसलं नाही.

"देन दे टर्न्ड," म्हातारा म्हणाला.

टंकलेखकाची बोटं कळांवर थांबली.

"हं?" न्यायाधीश म्हणाले. "टर्न मलाही कळतं, बाई. पण नोंद तुमच्या शब्दाची होणार."

तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. तरी तो कठड्यावर दोन्ही हात रोवून पुढे झुकलाय हे तिला कळत होतं. दगड आला, मग ते उलटले. वाक्य कुठेही अडखळत नव्हतं. उलट ऐकायला तेच जास्त सरळ वाटत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "याचे दोन अर्थ होतात. दोन्ही इथं बसतात. मला साक्षीदाराला विचारू द्या."

कारखान्याचा वकील ताडकन उठला. "दुभाष्यानं भाषांतर करावं, उलटतपासणी करू नये!"

"बसा खाली," न्यायाधीश म्हणाले. "विचारा, बाई."

तिनं विचारलं. म्हाताऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्याचा चेहरा उतरला. तो साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली आला, न्यायाधीशांकडे पाठ करून उभा राहिला आणि दाराच्या दिशेनं दोन पावलं चालला. तिसऱ्या पावलाला त्यानं मूठ आवळून स्वतःच्याच मानेवर मारली. दणकन. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. तो गुडघ्यांवर कोसळला, डाव्या हातानं डोकं झाकलं आणि उजव्या मुठीनं त्या हाताच्या बोटांवरच घाव घालू लागला.

"अगेन," तो म्हणत होता. "अगेन. अगेन."

"पुन्हा," ती म्हणाली. "पुन्हा. पुन्हा."

"पुरे!" न्यायाधीश ओरडले.

म्हाताऱ्याच्या बोटांची सालटी निघाली होती.

"ते वळले," ती म्हणाली. "परत जायला वळले. मार पाठीमागून पडला."

टंकलेखकानं ते लिहून पूर्ण करायच्या आत दिरानं कठड्यावरून उडी घेतली. तिला एवढंच कळलं की केस मुळापासून ओढले गेले आणि पिंजऱ्याचा लाकडी कोपरा भुवईवर आदळला. एकदा, मग परत एकदा. डोळ्यांत गरम काहीतरी उतरलं. शिपायांच्या काठ्या त्याच्या पिंढऱ्यांवर, पाठीवर, कोपरांवर बसत होत्या, तरी मूठ सुटेना. सुटली तेव्हा तिच्या केसांचा पुंजका त्याच्या बोटांत राहिला. चौघांनी त्याला फरफटत नेलं. त्याचा एक दात फरशीवर पडला होता. कुणाच्या तरी पायानं तो बाकाखाली सरकला.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत तिला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं. भुवईवर धरलेला रुमाल जड झाला होता. नवरा भावामागे पोलिसांच्या गाडीकडे धावला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला म्हातारा आपली सोललेली बोटं मांडीवर ठेवून बसला होता.

भट्टीवाल्याची बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. अंगानं बारीक, तिशीच्या आतबाहेरची. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"बाई, यांना एक विचाराल?"

"विचारते."

"माझ्या माणसाला वेळ लागला का? जायला?"

तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं त्या बाईकडे पाहिलं आणि तो बोलू लागला. कोर्टात तो इतकं सलग बोलला नव्हता. आपण जिना उतरून धावलो, पण खालचं दार कुणीतरी बाहेरून लावलं होतं. दाराच्या जाळीतून दिसत होतं. अर्धा तास, कदाचित जास्तच. तो माणूस फाटकाचा गज धरून उठायचा आणि पडायचा. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तरी तो हातानं खूण करून पाणी मागत होता. जमादार तीन पावलांवर उभा राहून बघत होता. त्यानं कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. मग म्हातारा थांबला.

रुमालातून एक थेंब तिच्या पावलावर पडला.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्याच घावाला गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

भट्टीवाल्याची बायको म्हाताऱ्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिली, मग तिच्याकडे.

"एवढं बोलले ते, आणि एवढंच?"

"इंग्रजीत जरा लांबतं," ती म्हणाली.

त्या बाईनं मान हलवली. मग ती दोघांच्या मधल्या जागेत बाकावर बसली.