दोनशे मीटर तंगूस

सासरेबुवा पायरी चढताना दिसले की गळ-काठ्यांचा दुकानदार हातातला चहा एका घोटात संपवून टाकी. पुढे तो गार होणार हे ठरलेलंच असे. त्या शनिवारी साडेअकराला ते आत आले तेव्हा मागून जावईही आला. एका हातात काठीची पिशवी, खांद्यावर थर्मास आणि चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसाची शांतता.

जावयाला दोन कामं होती. एक म्हणजे सासऱ्यांच्या नव्या चरखीसाठी तंगूस, म्हणजे गळाचा दोर, निवडताना त्याचं दुसरं टोक धरणं. दुसरं म्हणजे, आपण बदली घेऊन बायको-मुलीसह गाव सोडतोय, हे त्यांना सांगणं. एक वाजता साहेबांचा फोन येणार होता. "हो म्हणालात तर सोमवारी ऑर्डर काढतो. उचलला नाहीत तर यादीतलं पुढचं नाव." साहेब शब्दाचे पक्के होते, विशेषतः नुकसान दुसऱ्याचं असेल तेव्हा.

बायकोची अट वेगळी होती. "आधी बाबांना सांगा, मग हो म्हणा. त्यांना बाहेरून कळलं तर जन्मभर ऐकवतील. आणि ऐकायला आपणच."

आठवडाभर तो सांगणारच होता. सोमवारी सासऱ्यांचं डोकं दुखत होतं, मंगळवारी ह्याचं. बुधवारी ते दिवसभर बाहेर होते. गुरुवारी ते इतके खुशीत होते की त्यावर विरजण घालणं बरं दिसेना, आणि शुक्रवारी शुक्रवार होता.

सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सासऱ्यांना मन रमवायला सांगितलं होतं. त्यांनी गळाची काठी घेतली. रमवायचं मन एकच होतं, पण तळ्यावर जायला माणसं दोन लागत. तेव्हापासून दर रविवारी पहाटे पाचला जिन्यावरच्या, जावयाच्या बिऱ्हाडाच्या दारावर तीन टकटका पडत. दार आतून बंद करता यायचं, पण घर सासऱ्यांचं होतं आणि जिनाही. सहा वर्षांत जावयाला एवढंच समजलं की आपल्याला मासे आवडत नाहीत. माशांचंही त्याच्याविषयी काही फार चांगलं मत नसावं.

"सहा किलोचा ताण सोसणारं दाखवा," सासरे म्हणाले.

दुकानदाराने तीन रिळं काउंटरवर मांडली. "हे साधं नायलॉन, ताणलं की जरा लांबतं. हे विणलेलं, बारीक असून चिवट. आणि हे फ्लोरोकार्बन. महाग, पण पाण्यात दिसत नाही."

"सहा किलो म्हणजे खरंच सहा?"

"वर लिहिलंय की, काका."

ही चूक दुकानदार दरवेळी करी. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षकाची नोकरी केली होती आणि लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खिशातून ताणकाटा काढला. काट्याच्या हुकाला नायलॉनचं एक टोक बांधलं, गाठ थुंकीने ओली केली ("कोरडी आवळली की गाठीतच तुटतं, जावईबापू, तुमच्यासारखं") आणि दुसरं टोक जावयाच्या मनगटावर रुमालावरून चार वेढे देऊन बांधलं. "मागे सरका."

जावई मागे सरकला. मागे काठ्यांचा स्टँड होता, डाव्या हाताला गमबुटांचा ढीग, उजव्या हाताला काचेचं कपाट. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईकाला मत बदलायचं झालं तरी आधी बाहेर जावं लागे.

"पाच... साडेपाच..." सासरे काटा वाचत होते.

"बाबा, तुमच्याशी एक बोलायचं होतं."

"आकडा चुकतो. पाच-आठशे."

फट्‌कन तुटलं. जावई गमबुटांत बसला.

"दोनशे ग्रॅमची चोरी," सासरे समाधानाने म्हणाले. दुकानदार छताकडे बघत होता. या माणसाला निवृत्त करताना सरकारने काटाही काढून घ्यायला हवा होता, असं त्याचं जुनं मत होतं.

विणलेलं पावणेसात किलोला तुटलं, फ्लोरोकार्बन बरोबर सहाला. जावयाच्या मनगटावर तीन लाल वळ उठले आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले.

"विणलेलंच घ्या ना, काका," दुकानदार म्हणाला. "तुमच्या तळ्यात गवत किती. हे गवत कापत येतं. पाणी असं गढूळ की माशाला शेपूट दिसत नाही स्वतःची, तंगूस कुठून दिसणार?"

जावयाने जोरात मान हलवली. गढूळ तळ्याची सहा वर्षांची माहिती पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. शिवाय निवड लवकर झाली तर बोलायला अर्धा तास उरत होता.

सासऱ्यांनी झोळीतून एक बरणी काढली. काचेची, लोणच्याची, धुऊन लख्ख केलेली. आत पाणी होतं. इतकं नितळ की पलीकडचा दुकानदार त्यातून मोठा आणि हताश दिसत होता. सासऱ्यांनी तिन्ही तंगुसांचे तुकडे एकेक करून आत सोडले. विणलेलं हिरव्या दोरीसारखं दिसलं. नायलॉन पुसट. फ्लोरोकार्बन बुडालं आणि गेलं.

"हे घेऊ," ते म्हणाले. "तळाला दगड आहेत. विणलेलं दगडावर घासलं की धागे सुटणार."

"आपल्या तळ्यात दगड कुठे आहेत?" जावयाने विचारलं. "आणि हे पाणी कुठलं?"

"तुमच्या धरणाचं."

"माझं कुठलं धरण?"

"बदली झालीये त्या गावचं. बुधवारी जाऊन आलो. पहिल्या बसने निघालं की साडेनऊला काठावर. जागा उत्तम, सावली आहे, वर्दळ नाही."

दुकानदाराने पटकन रिळाचं वेष्टण वाचायला घेतलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लेकीने. मंगळवारी. म्हणाली, ते काही सांगणार नाहीत, तुम्हीच ऐकून ठेवा. म्हटलं, बघू या. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. चार दिवस काटा लावून बसलोय. तुम्ही काही भरत नाही, जावईबापू."

मनात जावयाने त्या गावचा रविवार केव्हाच सजवला होता. आठला उठायचं, मग परत झोपायचं. आता त्या रविवारात साडेनऊला बस येऊन थांबली.

"दर रविवारी?" त्याने विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी आलो तर सोयीचं. तुमचे क्वार्टर्स दोन खोल्यांचे आहेत म्हणे. मला काय, पुढच्या खोलीत सतरंजी पुरे."

"भरून देऊ का चरखीवर?" दुकानदार म्हणाला. त्याला दोघंही आता लवकर जायला हवे होते.

चरखीवर तंगूस भरणं हे दोघांचं काम. सासऱ्यांनी चरखी काउंटरच्या कडेला घट्ट केली आणि मूठ धरली. जावयाने रिळाच्या भोकात पेन्सिल घातली, तिची दोन टोकं दोन हातांत धरली आणि दोन्ही अंगठे रिळाच्या कडांवर दाबून उभा राहिला, रीळ सैल फिरू नये म्हणून.

"ताण सोडू नका. एकदा सैल गेलं की आतल्या आत वेढे अडकतात, मग सगळं फुकट. दोनशे मीटर आहे."

मूठ फिरू लागली. एकला सात मिनिटं होती. रीळ जावयाच्या हातात कुरकुरत होतं. पुढे सासरे, मागे काठ्या, मध्ये न दिसणारी दोरी. हो म्हटलं तर सतरंजी, नाही म्हटलं तर जिना. त्याने दोन्हीचा मनातल्या मनात भरपूर विचार केला. मग, हात गुंतलेले असल्यामुळे की काय कोण जाणे, तोंड मोकळं झालं.

"बाबा, दर आठवड्याला येऊ नका."

मूठ फिरतच होती. "ताण."

"धरलाय. मला मासेमारी आवडत नाही. पहिल्या रविवारपासून नाही आवडत."

"माहितीये मला. तुम्ही गांडुळाची माफी मागता."

"मग सहा वर्षं का नेलंत?"

सासऱ्यांनी चरखीकडेच बघत दहाएक वेढे घातले. "तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून चहा पिववत नव्हता," ते म्हणाले. "तळ्यावर तुम्ही समोर नसता. शेजारी असता. बरं पडतं."

दुकानदार आत जाऊन काहीतरी शोधू लागला. तिथे काही ठेवलेलं नव्हतं.

जावयाला आणखी बरंच बोलायचं होतं, पण त्यातला निम्मा दारूगोळा या वाक्याने ओला झाला. उरलेल्या निम्म्यावर तो लढला. "महिन्यातून एकदा या."

"दोनदा."

"एकदा. आणि मी काठावर पुस्तक वाचणार."

"पान उलटताना आवाज नको. दीड वेळा."

"दीड वेळा म्हणजे काय?"

"एक महिना एकदा, पुढचा दोनदा. साधं गणित आहे."

"बाबा, एकदा."

मूठ थांबली. सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काट्यावरचा आकडा दोनदा वाचावा तसं. त्याच क्षणी जावयाच्या शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला.

जावयाने अंगठे हलवले नाहीत. हलवले असते तर दोनशे मीटर फ्लोरोकार्बन दुकानभर झालं असतं. नाही हलवले, तर यादीतलं पुढचं नाव. फोन वाजला, पुन्हा वाजला. चौथ्या वेळी सासरे काउंटरला वळसा घालून आले. एका हाताने तंगूस ताणून धरलेलं, दुसऱ्या हाताने त्यांनी जावयाच्या खिशातून फोन काढला, चष्म्यावरून बटण शोधलं आणि तो त्याच्या कानाला लावून धरला. जावयाला त्यांच्या बोटांचा गांडुळमातीचा वास आला.

"बोला," ते हळूच म्हणाले.

"हो, सर," जावई म्हणाला. "हो. घरी बोलणं झालंय. हो, सगळ्यांशी."

सासऱ्यांनी फोन परत खिशात सरकवला, खिशाचं बटणही लावलं. मग आपल्या जागी गेले आणि मूठ धरली.

"एकदा," ते म्हणाले. "पण बस उशिरा पोचली तर मुक्काम."

जावई उत्तर देणार होता, पण मूठ फिरायला लागली होती आणि रिळावर अजून ऐंशी मीटर होतं.