कल्हईचं तपेलं

आमच्या मालकाला एक वाईट खोड हाय. परक्याच्या दारात गेले की आधी स्वतःचं नाक कापून त्याच्या हातावर ठेवतात, अन् वर म्हणतात, "रक्त सांडलं, माफी असावी." लग्न झाल्यापासून मी हेच बघत आले. पण या वेळी त्यांनी माझं नाक कापलं.

नात ईश्वरीचा साखरपुडा होता. राणीसावरगावात पंगत कुणाची का असंना, कढीला मी, कडूबाईच लागायची. आमचं मोठं पितळी तपेलं गंगाखेडच्या रंगनाथ कल्हईवाल्याकडून नुकतंच कल्हई करून आणलं होतं. वरून आरशासारखं. मी कढी उकळली, अन् ती कळकली. व्याही मांडवातच ओकला, आणखी काहीजण डॉक्टरकडं न्यावे लागले. तपेलं रिकामं केलं तर आतली कल्हई उडालेली, तळाला हिरवा थर.

गाव कल्हईला बोललं न्हाई. माझ्या हाताला बोललं. पुढच्या लग्नात आचारी पाथरीहून आणला, अन् मला म्हणाले, "काकू, तुमी नुसतं जेवायला या." जीभ हासडली असती तर कमी लागलं असतं.

म्हणून परभणीच्या ग्राहक कोर्टात गेले. पैशावर थुंकते मी. रंगनाथनं गावासमोर म्हणावं, खोट कल्हईत होती, कडूबाईच्या हातात न्हाई. एवढंच पाहिजे होतं.

पहिल्या तारखेला मालकबी बरोबर होते. मी नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाले. जजबाईनं थांबवलं.

"मावशी, शपथेनं मला भांडं दिसत नाही. पुढच्या तारखेला तपेलं आणा. जसं आहे तसं. धुवायचं नाही, पुसायचं नाही. कढी करताना जवळ कोण होतं, त्यांना आणा. डॉक्टरांचा कागद आणा, अन् त्याची एक प्रत आधीच यांना द्या. रंगनाथ, तुम्हीही पावती आणा, अन् कल्हई कुणी केली त्या माणसाला आणा. ऐनवेळी पदराखालून कुणी काही काढायचं नाही."

शेंबड्या पोराला सांगावं तसं दोघांना सांगितलं. मला ते लय पटलं. भांडणाला निघायचं तर काय काय बरोबर घ्यायचं, हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरच्या कागदाची प्रत रंगनाथच्या हातात नेऊन दिली. त्याचं तोंड उतरलेलं बघून आले. तपेलं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं. कढी ढवळायला पुतणी उत्तरा होती, तिला आणायला सेलूला गेले. जाताना मालकाला बजावलं, "तपेल्याला हात लावाल तर हात मोडीन. तारखेला पोतं उचलायचं अन् कोर्टात यायचं."

मालकानं नंदीबैलासारखी मान हलवली.

तारखेला मी अन् उत्तरा सेलूहून थेट कोर्टात. मालक आले. तपेलं पोत्यात न्हाई, धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात. टेबलावर ठेवून पंचा काढला. आत-बाहेर लखलखीत.

"अप्पाराव, मी काय सांगितलं होतं?" जजबाई मालकाला म्हणाल्या.

"जसं हाय तसं आणा म्हणलात. पण बाई, तुमच्यासारख्यांच्या टेबलावर घाण कशी ठेवायची?" मग माझ्याकडं वळून, हसत, "रंगनाथकडंच नेलं होतं गं. फुकटात नवी कल्हई करून दिली. चहाबी पाजला."

रंगनाथनं हात जोडले. "म्हातारा माणूस दारात आला, बाई. माणुसकी म्हणून केली. बघा माझं काम."

उत्तरा हिरव्या थराचं सांगायला लागली, तर तो म्हणाला, "घरची पोरगी घरचंच बोलणार की."

जजबाईनं तपेल्यात वाकून बघितलं. "मावशी, लोक आजारी पडले हे कागदावर दिसतं. पण ते या भांड्यानं पडले, हे आता कशावरून पाहू?"

तक्रार गेली. रंगनाथ पायऱ्या उतरताना म्हणाला, "काकू, पुढची कल्हईबी आमच्याकडंच बरं का."

बसस्टँडवर मालक तपेलं मांडीवर घेऊन बसले होते. पंच्यानं पुसायलेत.

"भांडं तर चांगलं झालं ना?" म्हणाले.

"लय चांगलं झालं," मी म्हणाले. उत्तरा ऐकत होती, बाजूची माणसंबी. "आता हे माळ्यावर ठेवते. तुमच्या तेराव्याला काढीन. त्या दिवशी आचारी न्हाई, कढी मी करीन. सारं गाव पोटभर जेवंल, एकजण ओकणार न्हाई, अन् माझं नाव मला परत भेटंल. माझ्यासाठी आता एवढंच तुमच्या हातात राहिलंय, मालक. लय दिवस लावू नका."