तेवीस नंबर

किमयाचं तोंड हलत होतं.

ऋजुता दूध उतरवून धावत आली, तर चौदा महिन्यांची लेक टेबलावरचं कापड ओढून खाली फतकल मारून बसलेली. सुटे भाग जोडून करायच्या विमानाचा डबा उपडा, फरशीभर राखाडी प्लास्टिकचे बारके बारके तुकडे, आणि हिचं तोंड आपलं हलतंय. ऋजुतानं तिच्या तोंडात बोट घालून गालांतून फिरवलं. हाती नुसती लाळ आली. किमया कडकडून चावली आणि वर हसली.

"आई! हिनं काहीतरी गिळलं!"

सासूबाई, विनोदिनीबाई, नातीच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करत होत्या. पहिलं बोरन्हाण, म्हणून आठवडाभर त्यांचं तेच चाललं होतं. काळ्या कापडाचा मुकुट पुरा होत आला होता. मधोमध हलव्यानं मढवलेलं फूल, भोवती दाण्यांच्या दोन ओळी. डिंकाची काडी हातात तशीच धरून त्या उठल्या.

"काय गिळलं?"

"तेच तर कळत नाहीये!"

डबा आठच दिवसांपूर्वी धारहून आला होता. नानांनी, म्हणजे ऋजुताच्या वडिलांनी, कपाट आवरताना सापडला म्हणून सुतळी बांधून पाठवून दिला. तिच्या लहानपणी नाना इंदूरहून असे डबे आणायचे ते खरं तर धवलसाठी. पण धाकट्या भावाचा उत्साह दोन दिवस टिकायचा, आणि मग ऋजुता चिमटा घेऊन बसायची. पाच विमानं आणि एक जहाज तिनं पुरं केलं होतं. हे सहावं विमान दहावीच्या परीक्षेत अडलं ते अडलंच. पुढे कॉलेज, एमएस्सी, लग्न, देवास, किमया. अठ्ठ्याण्णवच्या त्या जानेवारीत डब्याचं झाकण उघडलं, जुन्या कागदाचा वास आला, आणि बारा वर्षांनी तिच्या बोटांना खाज सुटली.

रोज दुपारी किमया झोपली की तासभर. तेही किती जपून! खिडकी उघडी, चिकटवायची ट्यूब कपाटावर, लेक उठायच्या आत डबाही कपाटावर. आज एकदाच दूध उतू जायला लागलं आणि डबा टेबलावर राहिला. एकदाच. 'ही नीट असू दे,' तिनं मनात म्हटलं, 'पुन्हा त्या डब्याला हात लावणार नाही.'

नवरा, योगेंद्र, कारखान्यातली पहिली पाळी करून आला तो चहाही न घेता दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी किमयाची छाती तपासली, घसा पाहिला. तिनं त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी तोंडात घातली.

"देखो बेटा, प्लास्टिक एक्सरे में दिखता नहीं," ते ऋजुताला म्हणाले. "साँस ठीक है, पानी पी रही है. पहले ये देखो कि कुछ गायब है भी या नहीं. और नुकीला कुछ गायब हो, तो सीधे इंदौर ले जाओ."

घरी येताच विनोदिनीबाईंनी नातीला कडेवर घेतलं. "चल गं, आपण केळं खाऊ. केळ्याबरोबर जे असेल ते निघून जातं." त्या दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

आत योगेंद्रनं फरशीवरचे तुकडे ताटात गोळा केले. "किती होते? मोजून टाकू."

"एक्केचाळीस. पण अहो, मोजून कसं कळणार? किती तरी मी दहावीतच चिकटवलेत. वैमानिक, त्याची खुर्ची, सगळं विमानाच्या पोटात बंद."

"मग?"

ऋजुता ताटाकडे बघत राहिली. "जोडूनच बघावं लागेल. जी जागा रिकामी राहील, ते तिच्या पोटात."

तिनं नकाशाचा पिवळा कागद पसरला. योगेंद्र एकेक तुकडा उजेडात धरून नंबर वाचायचा, ती जागेवर बसवून कागदावर खूण करायची.

"सतरा."

"चाकाचा दांडा. द्या."

"आमच्या असेंब्लीत तुझ्यासारखं कोणी मिळालं ना, तर सुपरवायझर मलाच घरी बसवेल."

"गप्प बसा हो. अठरा?"

हात सगळं ओळखत होते. कुठला दांडा जरा तिरका घालायचा, कुठं श्वास रोखायचा. शेपटी जागेवर बसली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. ओट्यावरून किमयाचा आवाज येत होता. तो थांबला की ऋजुताचा हात थांबायचा.

पंख झाले, चाकं झाली, काचेचं झाकण बसलं. ताट रिकामं झालं. विमान टेबलावर उभं होतं आणि त्याच्या नाकाच्या टोकाला नुसतं भोक होतं.

"तेवीस," ती म्हणाली. "पंखा. तीन पात्यांचा. टोकदार."

योगेंद्र उठलाच. "शेजारच्या भियांची व्हॅन मागतो. तू हिचे कपडे घे."

विनोदिनीबाई किमयाला घेऊन दारात आल्या. "काय झालं? कुठे निघालात?"

"आई, इंदूर. हे बघा, हे गिळलंय तिनं." ऋजुतानं कागदावर बोट ठेवलं.

विनोदिनीबाईंनी चष्मा सारखा केला. कागद जवळ घेतला, लांब धरला.

"हे? अगं, हे तर किमीच्या क्लिपेचं फूल!"

"कुठलं फूल?"

"परवा केर काढताना पलंगाखाली सापडलं. म्हटलं, क्लिपेचं तुटलं असेल, चांगलं तीन पाकळ्यांचं आहे…" त्या बोलता बोलता थांबल्या आणि मुकुटाकडे बघायला लागल्या.

ऋजुतानं मुकुट उचलला. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून ती घरातला कणन् कण बघत होती, आणि सकाळीच 'आई, मधलं फूल काय झकास झालंय' असं स्वतःच म्हणाली होती. तिनं नखानं हलव्याचा एक दाणा काढला. खाली राखाडी प्लास्टिक. तेवीस.

ती किमयाला घट्ट धरून खालीच बसली आणि रडायला लागली. किमयानं केळ्याचा हात तिच्या केसांना पुसला.

"मग दिवसभर मला कोणी सांगितलं का, कसं दिसतं ते?" विनोदिनीबाई योगेंद्रवर उखडल्या. "नुसतं तुकडा, तुकडा! विमानाचा तुकडा म्हणजे मी मेली पत्रा समजत होते!"

रडं ओसरल्यावर ऋजुतानं डोळे पुसले. "आई, हे विमान तुमच्या देखत देऊन टाकते कोणाला तरी. मी तसं मनात बोललेय."

"मनात कोणाशी बोललीस? मला विचारलं होतंस?" विनोदिनीबाईंनी मुकुट तिच्या हातातून काढून घेतला. "बोरन्हाण होईपर्यंत फूल माझं. मग ज्याचं त्याला लाव. इतकं जोडलंस, ते नाकावाचून ठेवणार? आणि तो तुझा चिमटा दे इकडे. मी बोटांनी दाणे लावून लावून आंधळी व्हायची वेळ आली."

संक्रांतीला किमया पाटावर बसली, डोक्यावर तो मुकुट. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे अंगावर पडले, आणि ऋजुता शेजारी बसून तिच्या मुठीतलं एकेक बोर काढून घेत राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फूल कितना सुंदर बना है." सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पंखा कोमट पाण्यात धुऊन विमानाला लागला. भोकाशी हलव्याचा जरासा पाक राहिलाच, त्यामुळे फुंकर मारली तरी तो काही फिरेना. पुन्हा काढून धुवावा म्हणून ऋजुतानं चिमटा उचलला, तर नाकावर एक मुंगी चढत होती. तिनं चिमटा खाली ठेवला आणि मुंगीचं खाऊन होईपर्यंत बघत बसली.